शुक्रवारचं पाणी

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बीपी १३८/८६. नाडी ७२.

ही डायरी सोसायटीने जानेवारीत फुकट दिली होती. दहा महिने कोरी पडून होती. काल पालघरला डॉक्टर भावनाने बीपीचं मशीन माझ्या गळ्यात मारलं आणि म्हणाली, "तात्या, रोज मोजा आणि त्या दिवशी काय वेगळं खाल्लं तेही लिहा, म्हणजे बीपी कशाने चढतं ते कळेल." ठीक आहे. बत्तीस वर्षं बोईसरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. नऊशे माणसांची हजेरी लिहिली, एका सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची लिहायला काय जातंय!

आज वेगळं काही खाल्लं नाही. वेगळं एवढंच की उद्या घरात एक जपानी बाई येते आहे. पालघरजवळच्या आमच्या माहीमला राहून तिला नारळ-सुपारीच्या वाड्या बघायच्या आहेत म्हणे, म्हणून आमच्या सूनबाई हेमांगीने माडीवरची खोली तिला महिन्यासाठी देऊन टाकली. मला विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं, पण बातम्या चालू असताना. त्याला काय अर्थ आहे?

१९ नोव्हेंबर, बुधवार
बीपी सकाळी १३६/८४. संध्याकाळी १५२/९०, नाडी ८८!!
कारण: दुपारी बोंबलाबरोबर लोणचं जास्त झालं.

बाई अकरा चाळीसला येणार होती, आली सव्वाला. एक तास पस्तीस मिनिटं लेट. स्टॉपवरून घर सात मिनिटांवर आहे. वाटेत काय करत होती कोण जाणे.

मी फाटकात घड्याळ बघत उभा. समोरून एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, डोक्याला कापडी टोपी, पाठीला पिशवी. तिने फाटकाबाहेर बूट काढले, हातात घेतले आणि म्हणाली, "तुमी तात्या का? मी सायोको. आंगण मस्त हाय तुमचा."

मी पडायचाच बाकी होतो! मी आठवडाभर इंग्रजी जुळवत बसलेलो. ही चाळीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून जव्हारकडच्या एका पाड्यावर लाडकी नावाच्या बाईच्या घरी दोन वर्षं राहिली होती. मराठी तिथली. नाय, हाय, आमी, तुमी सगळं. आमचा मुलगा नीलेश सातवीपासून इंग्रजी शाळेत शिकला, त्याला धड मराठी येत नाही आणि ही टोकियोहून येऊन 'बोंबील ताजा हाय' म्हणते.

पूर्ण नाव सायोको इसोबे. वय अडुसष्ट. मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं. दिसत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बीपी १४६/८८. नाडी ८४. कारण: लोणचं (थोडंच).

या बाईला घाई म्हणून माहीत नाही. एक केळं खायला अकरा मिनिटं! मी मोजली. सकाळी तळ्याच्या काठी चटई टाकून बसली ती तीन तास. पाणकोंबडी बघत होती म्हणे. मी दोनदा चहाचं विचारून आलो, एकदा उन्हाचं, एकदा मुंग्यांचं. म्हणजे माझा अर्धा दिवस तिच्यामुळे वाया गेला.

मग तिने तळ्याचे वार विचारले. मी काठावरच्या खुंटीचं फडकं दाखवून रीतसर समजावलं. तळं दोन घरांचं सामाईक. आमचं, आणि पलीकडे मंगलाचं. मंगला माझ्या चुलतभावाची बायको, तो गेल्यापासून वाडी एकटी बघते. सोम-बुध-शुक्र पाणी आमचं, मंगळ-गुरु-शनि तिचं, रविवारी तळ्याला सुट्टी. वार सकाळी सहाला बदलतो. ज्याचा वार त्याने स्वतः येऊन खुंटीला आपलं फडकं बांधायचं आणि ते सुटेपर्यंत दुसऱ्याने पाण्यात हात घालायचा नाही. आणि घरात नवी सून आली की तिच्या नावाने एक वार बांधून द्यायचा, तो मरेपर्यंत तिचा. आमच्या सुमनला शुक्रवार होता. सुमन जाऊन चार वर्षं झाली.

बाई सगळं लिहून घेत होती. मग म्हणाली, "मंगलाताई नि तुमी बोलत नाय?"

कोणी सांगितलं हिला? नाही बोलत. तीन वर्षं झाली. एका शुक्रवारी सहा वाजून गेले तरी मंगलाची मोटर चालूच. मी हातात घड्याळ घेऊन उभा. सहा वीसला बंद केली. वीस मिनिटं! तीसुद्धा सुमनच्या वाराची! मी त्याच दिवशी लेट मार्कची नोटीस टाइप करून तिच्या फाटकाला डकवली. ती तिने माझ्यासमोर बंबात घातली. विषय संपला.

बाईने हे ऐकलं आणि बांधावरच्या सोनचाफ्याकडे बघत राहिली. "ह्याला पाणी कोण देते?" मी म्हटलं, कोणी नाही, सुमनने लावलेला, चिवट आहे, आपला आपण जगतो. ती म्हणाली, "हिरवागार हाय." असेल. झाडं हिरवीच असतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
बीपी १४४/८८. नाडी ८२. लोणच्याची बरणी हेमांगीने लपवली. तरी नाडी ८२. मशीन बिघडलं असावं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मशीन पालघरला दाखवून आणलं. उत्तम आहे म्हणतात. मग वांग्याने होत असेल.

न्हाव्याकडे जाऊन आलो. हेमांगी म्हणाली, "तात्या, पंधरा दिवसांत दोनदा?" केस वाढतात त्याला मी काय करू!

१ डिसेंबर, सोमवार
बीपी १५८/९४. नाडी ८६. कारण खाली आहे. जेवणाचा संबंध नाही.

येत्या रविवारी वाचनालयात सायोबाईंचं भाषण ठेवलं आहे. मी चिटणीस, म्हणजे परिचय माझ्याकडे. परिचय म्हणजे काय, सर्व्हिस रेकॉर्डच. मी फुलस्केपवर रकाने आखले आणि बाईंना ओसरीवर बसवून भरायला घेतले. इथे उतरवून ठेवतो.

शिक्षण: मानववंशशास्त्र. म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "दुसऱ्याच्या वट्यावर बसायचा, चहा पियाचा, मग लिवायचा." हे आमच्या गावात निम्मे लोक पदवी न घेता करतात. फक्त लिहीत नाहीत.

पहिली नोकरी: विद्यापीठ, नऊ वर्षं. सोडण्याचं कारण: चार दिवस गैरहजर. गैरहजेरीचं कारण: लॉकअप! एका नदीवर यंत्रं आली तेव्हा ही तिथे चटई टाकून बसली. घोषणा नाहीत, दगड नाहीत. थर्मासभर चहा घेऊन बसायची आणि जो साहेब उठवायला येईल त्यालाच चहा द्यायची. दोन साहेब तिथेच बसले म्हणे. तिसऱ्याने आत टाकली. मी सवयीने 'विनापरवानगी रजा' लिहिलं. तिने वाचलं आणि इतकी हसली की चहा सांडला. नदी वाचली.

दुसरी नोकरी: दुसरं विद्यापीठ, एकवीस वर्षं. हिच्या वर्गातल्या पोरांना परीक्षेऐवजी एक दिवस तळ्याकाठी नुसतं बसावं लागे. फोन न घेता. निम्मी पोरं नापास.

तळी वाचवली: तीन. तळी गेली: सात. मी म्हटलं, पहिलं कुठलं? तर म्हणाली, "पहिला आमचाच."

तिच्या गावात भातशेतीचं सामाईक तळं होतं, आमच्यासारखंच, वार लावलेलं. ती एकोणीस वर्षांची असताना मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून ते बुजवलं. त्यांच्याकडे सही नसते, प्रत्येक घरचा शिक्का असतो. कागदावर पहिला शिक्का तिच्या बापाचा. शेजाऱ्याशी भांडण होतं म्हणून मारला. ही घर सोडून गेली आणि बापाशी अकरा वर्षं एक शब्द बोलली नाही. मग बाप वारलाच. शेजारणीने तिला सांगितलं की तो रोज पहाटे पाण्याच्या वेळेला त्या मोटारींच्या जागेवर जाऊन उभा राहायचा. पाऊस असला तर छत्री घेऊन.

मी लिहायचा थांबलो.

आता खरं लिहितो, डायरी कोणी वाचत नाही. गेल्या मे महिन्यात किनाऱ्यावर रिसॉर्ट काढणाऱ्यांचा माणूस आला होता, हितेश. त्यांना गाड्या उभ्या करायला आमचं तळं बुजवून हवंय. मी सही केली. पैशाला भुलून नाही. मंगलाच्या त्या वीस मिनिटांसाठी. म्हटलं, मलाही नको आणि तिलाही नको! सही करताना काय गार वाटलं होतं. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

हे सायोबाईंना कळलं तर? ती त्याच दिवशी पिशवी उचलेल. उचलेना का, महिन्याची पाहुणी आहे, वीस तारखेचं तिकीट आहे. मला एवढा घाम का फुटतोय?

२ डिसेंबर, मंगळवार
हितेशला फोन केला. पंधरा तारखेला, सोमवारी, मातीचे डंपर येणार. म्हटलं, सही मागे घ्यायची असेल तर? तो गोडच बोलतो. म्हणाला, "घ्या ना काका, पंधराच्या आत. फक्त तळं सामाईक, म्हणून दोन्ही घरांनी एकत्र येऊन अर्ज द्यायचा. एकट्याचा चालणार नाही."

हसला मेला. आम्ही दोघं रेशनच्या रांगेतसुद्धा एकत्र उभे राहत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

७ डिसेंबर, रविवार
बीपी मोजलं नाही. हिंमत झाली नाही.

वाचनालय गच्च. बायका तर खिडकीत. परिचयाला चार मिनिटं ठरली होती, मी घड्याळ टेबलावर ठेवून सुरुवात केली. लॉकअपला टाळ्या, चहाला हशा. 'पोरं नापास' म्हटल्यावर मास्तर लोकांनी बाक वाजवले. शेवटी म्हणायचं होतं, 'अशा थोर विदुषी आपल्या गावी आल्या हे आपलं भाग्य.' मी म्हटलं, "अशी बाई मी जन्मात बघितली नाही." पाणी प्यायला लागलं. एकूण सहा मिनिटं झाली. माझ्या आयुष्यातला पहिला लेट. हेमांगी पदर तोंडाला लावून काय खिदळत होती!

मग सायोबाई उठल्या. म्हणाल्या, "माझ्या गावात आधी पाणी बंद झालं. मग पाण्यावरचं भांडणपण बंद झालं. इथं दोन घरं वीस मिनिटांपायी तीन वर्सं बोलत नाय, हे ऐकलं नि मना लय आनंद झाला. म्हणजे पाणी आजून लाडका हाय."

सगळा हॉल लोटपोट. तिसऱ्या रांगेत मंगलाही हसत होती, मला दिसली. मी एकटाच खुर्चीत घामाने निथळत होतो.

संध्याकाळी वाडीत उकडहंडी लावली. वालाच्या शेंगा, रताळी, कोनफळ, ओला मसाला घालून मडकं पालापाचोळ्यात भाजलं. वाढायला मी होतो. रताळ्याचे मोठे तुकडे सगळे सायोबाईंच्या पानावर कसे गेले ते सांगता येत नाही. नीलेश म्हणाला, "तात्या, मलापण एक रताळं दाखवा तरी." आगाऊ आहे.

१० डिसेंबर, बुधवार
नाडी ८४ ते ९२.

सांगून टाकायचं ठरवलं. नोंद अशी:
६.००: तळ्यावर फडकं बांधताना ती आली. म्हटलं, "सायोबाई, एक गोष्ट..." ती म्हणाली, "बोला." मी म्हटलं, "थंडी पडली."
९.३०: "सायोबाई, ती गोष्ट..." मग तिला पपई कापून दिली.
१.००: तोंड उघडलं, तेवढ्यात हेमांगी आली.
४.४५: सगळं बोललो. मग बघितलं तर कानात यंत्र घालून ती पाड्यावरच्या जुन्या टेपा ऐकत होती.

पाच दिवस राहिले.

१२ डिसेंबर, शुक्रवार
बीपी नको.

सकाळी सहाला सुमनच्या वाराचं फडकं बांधलं आणि चटईच्या कडेला जाऊन बसलो. एका दमात म्हणून टाकलं, "सायोबाई, हे तळं बुजवायच्या कागदावर माझी सही आहे. सोमवारी डंपर येतायत. मी तुमच्या वडलांसारखाच आहे. शिवी द्यायची तर द्या, पण आज जाऊ नका."

ती थर्मासमधून चहा ओतत होती. हात हललासुद्धा नाही. "ठावं हाय मना."

"कधीपासून?"

"आली त्या दिवशी. पंचायतीच्या फळ्यावर कागद लावलेला हाय, तुमच्या गावात कोण वाचत नाय. उभी राहून सगळा वाचला, म्हणून तर लेट झाली. दोन सह्या. तुमची पयली, झोकदार. खाली मंगलाताईंची."

मंगलाची? मंगलानेही सही केली? मला वाटलं होतं, माझ्या एकट्याच्या सहीवर काम भागलं.

मी म्हटलं, "चोवीस दिवस माहीत होतं, मग बोलला का नाहीत?"

तिने कप माझ्या हातात दिला. "सांगायचा वार तुमचा होता. मी कशी हात घालू? बाबांना मी बोलायला दिलंच नाय, अकरा वर्सं. तुमाला म्हटलं, देऊन बघू." मग डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "चहा थंड होतो."

किती बरं वाटलं काय सांगू! मला चक्क हसू फुटलं. दोघं हसत बसलो. पाणकोंबडी घाबरून पळाली.

मग म्हणाली, "आता तिकडं जावा." आणि मंगलाच्या फाटकाकडे बोट केलं. माझं हसू जागच्या जागी बंद.

१३ डिसेंबर, शनिवार
बीपी १३०/८२! (दुपारी.)

सात वाजता मंगलाच्या फाटकात उभा राहिलो. तीन वर्षांनी. ती सुपाऱ्या वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, "आज नोटीस नाय आणली?"

मी म्हटलं, "चुकलो. सही करायला नको होती."

"तुमी केली म्हणून मी केली. त्या हितेशने कागद दाखवला. म्हटलं, ह्या माणसाला तळंच नको तर मी एकटी कुणाशी भांडू?"

"पण मंगला, ती वीस मिनिटं मात्र तू घेतलीस."

झालं! सूप दाणकन खाली. "घेतली! तुमच्याच चाफ्याला दिली! वहिनी गेल्यावर वरीसभर तुमी त्या झाडाकडं बघितलं नाय. पानं गळून खराटा झालेला. शुक्रवार तिचा, तिच्या पाण्यातनं तिचंच झाड भिजवत होते मी. आणि तुमी हातात घड्याळ घेऊन उभे! मग काय सांगायचं तुमाला?"

मी मटकन तिच्या पायरीवर बसलो. बत्तीस वर्षांत मी अर्ध्या मिनिटाची चूक कधी केली नाही. आणि ही वीस मिनिटं तीन वर्षं चुकीच्या नावावर लिहून बसलो होतो. "आणि आता?" म्हटलं, "आता कोण देतं?"

"आता माझ्या गुरुवारातनं देते. तुमचं घड्याळ नको मागं लागायला."

रडलो. लिहायला लाज कसली. मंगलाने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "पुरे आता भावोजी, माणसं बघतात."

दहाच्या टमटमने पालघरला हितेशच्या ऑफिसात गेलो. एका बाजूला मी, एका बाजूला मंगला, मध्ये सायोबाई. आम्हा दोघांना जोडीने दारात बघून हितेशच्या हातातला फोन टेबलावर पडला. अर्ज दिला, पोच घेतली, वेळ लिहून घेतली: ११.४२. तिथून मंगलाने जिलेबी घेतली आणि तीन वर्षांचं सगळं बोलणं परतीच्या टमटममध्ये संपवलं. सायोबाईंना एक शब्द बोलायला मिळाला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार
बीपी १६०/९४. नाडी ९६. कारण: मंगलाच्या चहात साखर फार.

डंपर आलाच! ड्रायव्हरला कोणी कळवलंच नव्हतं. बोईसरहून पहाटे निघालेला बिचारा. "साहब, मिट्टी किधर डालूँ?" मी दोन्ही हात पसरून आडवा. मंगला ओरडली, "डालो मत! पयले चाय पियो!" सायोबाईंनी त्याला चटईवर बसवून थर्मास उघडला. तो म्हणाला, वीस वर्षांत असं कुठे झालं नाही. हितेशला फोन लावला, त्याने गयावया करून माफी मागितली. माती चांगली तांबडी होती, म्हणून मंगलाने चार घमेली अळूला मागून घेतली. डंपर परत गेला तशी गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अर्धं गाव तळ्यावर जमलेलं.

मला तर काय आनंद झाला होता! काठावर उभं राहून मी सगळ्यांसमोर बोललो. "हे तळं ज्यांच्यामुळे राहिलं त्यांना आपण काय देणार? शाल-नारळ काय कोणीही देतं. मी आमच्या घरचा शुक्रवार सायोबाईंच्या नावाने बांधतो. आजपासून तो त्यांचा!"

मला वाटलं टाळ्या पडतील. मंगलाच्या हातातली बशी फुटली. मग बायका अशा हसायला लागल्या की थांबेनात. नीलेश मान खाली घालून खोकतोय. सायोबाई माझ्याकडे बघत होत्या, गाल लाल झालेले, ऊन असेल. वाकून नमस्कार केला आणि माडीवर गेल्या.

सत्काराची कदर नाही लोकांना.

१६ डिसेंबर, मंगळवार
न्याहारीला हेमांगीने समोर बसवलं. "तात्या, बाईमाणसाच्या नावाने वार कधी बांधतात?"

"घरात नवीन..." म्हटलं आणि कपाळावर हात मारला.

अरे देवा! अरे देवा! अख्ख्या गावासमोर!

आणि ही पोरगी काय म्हणते? "आम्हाला महिनाभर कळतंय. तुम्हालाच तेवढं कळत नव्हतं. डायरी टेबलावर उघडी टाकता, मी नाडी बघते रोज."

उठून तडक माडीवर गेलो. "सायोबाई, माफ करा, माझ्या लक्षात आलं नाही, आमच्याकडे वार म्हणजे..."

ती म्हणाली, "तात्या, ह्या रिवाजावर मी चाळीस पानं लिवली हायत. काय दिलं ते मना ठावं हाय. परत घेता का?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, "नाही."

"मग शुक्रवारी बघू," म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत हसत होती का? हसत होती असं वाटलं. वीस तारखेचं तिकीट आहे तिचं.

१७ डिसेंबर, बुधवार
नाडी ९०. जेवण गेलं नाही. सुमनच्या चाफ्याला माझ्या वारातून पाणी घातलं. वीस मिनिटं, मोजून. तिला सगळं सांगितलं. वारा नव्हता, म्हणून झाड हो म्हणालं की नाही ते कळलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार
नाडी ९२. न्हावी म्हणाला, आता कापायला काही उरलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
वार स्वतः येऊन बांधायचा असतो. सहाला कोणी आलं नाही तर तो मोकळा. मी पावणेसहालाच जाऊन उभा राहायचं ठरवलं होतं. म्हटलं, ही बाई जन्मात वेळेवर आलेली नाही, एक केळं खायला अकरा मिनिटं लावते. नाही आली तर नाही. निदान आपण हजर असावं.

कुडकुडत पोचलो तर खुंटीजवळ कोणी तरी होतं. पलीकडे फाटकात मंगला, डोक्यावरून पदर, तोंडभर हसू.

सायोबाई निळं नक्षीचं फडकं खुंटीला बांधत होत्या. गाठ दोनदा मारली. मग चाफ्याच्या पाटाचं तोंड मोकळं केलं आणि माझ्याकडे वळल्या. "तिकीट रद्द केलं. वार घेतला की दर शुक्रवारी हजर राहायला लागते ना?"

मी म्हटलं, "लागतं. सवलत नाही."

घड्याळ बघितलं. पाच चाळीस झाले होते. वीस मिनिटं आधी.

सर्व्हिस रेकॉर्डच्या कागदावर दुरुस्ती केली. तळी वाचवली: चार.

बीपी १३४/८४. नाडी ९८. लोणचं खाल्लेलं नाही.